शब्द संपतात तिथं पोथी मिटायची का?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मुक्ताईनगर तालुक्यातला केळीवाला शेतकरी, वय 61. घरात तीन पिढ्यांची माळ. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरी पारायणाचं व्यासपीठ बरीच वर्षं मीच चालवतो.

गेल्या माघात चांगदेवला नातेवाइकांकडे गेलो होतो. संध्याकाळी एकटाच तापी-पूर्णेच्या संगमावर जाऊन बसलो. तिथं काय झालं ते मला सांगता येत नाही. किती वेळ गेला कळलं नाही. उठलो तेव्हा अंधार पडला होता आणि मनात कशाचीच भीती उरली नव्हती. भजनी मंडळात सांगायला गेलो, तर तोंडातून बाहेर पडलेला शब्द माझा मलाच खोटा वाटला. एकानं विचारलं, ज्योत दिसली का? दुसरा म्हणाला, डोळा लागला असेल. मग वहीत लिहून पाहिलं. त्या पानाचा फोटो सोबत पाठवतो.

तेव्हापासून बोलावंसंच वाटत नाही. यंदा व्यासपीठावर दुसरं कोणी बसवा, असं मंडळाला सांगून टाकलं. जिथं शब्द पोचतच नाही, तिथल्याच गोष्टीवर नऊ हजार ओव्या वाचून काय करायचं? आमच्या भागात एक महाराज येतात, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "अनुभव शब्दातीत असतो. प्रश्न विचारणं हाच अहंकार. गप्प राहा आणि माझ्याकडे येत जा." गप्प राहणं मला पटतं. पण सौ. नाराज आहे. परवा म्हणाली, "तुम्ही घरात असूनबी घरात नही. काय झालं तुमाले, मले तरी सांगा." तिला काय सांगू? जे खरं आहे ते बोलता येत नसेल, तर गप्प राहणंच खरं नाही का?

नाव-गाव छापू नये.

उत्तर

भाऊ, नमस्कार.

आधी थेट उत्तरं देते, कारणं मागून. व्यासपीठ सोडू नका. त्या महाराजांकडे जायची घाई करू नका. आणि या दोन्हींच्या आधी वहिनींशी बोला. हे शेवटचं काम उद्यावर टाकू नका.

तुमच्या वहीचं पान मी बराच वेळ बघत बसले होते. पहिल्या ओळीत "मोठा प्रकाश" लिहून त्यावर आडवी रेघ मारली आहे. त्याखाली "शांतता", त्यावर दोन रेघा. मग "आनंद" लिहिलाय, आणि तो इतका जोरात खोडलाय की पेनाच्या टोकानं कागद फाटलाय. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात, "आनंदही नाही, दुःख नव्हतं एवढंच." सगळ्यात खाली "मी नव्हतो." हे तुम्ही खोडलेलं नाही, पण पुढे प्रश्नचिन्ह आहे आणि त्याखाली एक ओळ, "मग कोण बसलं होतं?"

हे पान तुम्ही मला हरल्याची खूण म्हणून पाठवलंत. माझ्या मते तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच पान आहे. ज्ञानदेवांनी आपल्या अमृतानुभव या ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणात जवळपास हेच केलं आहे. सत्, चित् आणि आनंद ही तीन पदं त्यांनी हातात घेतली आणि विचारलं, की ही परतत्त्वाचं, म्हणजे ब्रह्माचं, वर्णन करतात का? त्यांचं उत्तर असं, की नाही. "सत्" म्हटलं ते असत् दूर सारायला, "चित्" म्हटलं ते जडपणा काढून टाकायला, आणि "आनंद" म्हटलं ते दुःख नाही एवढं सांगायला. इतकं काम झालं की ती तिन्ही पदं मौनाच्या वाटेला लागतात. "आनंदही नाही, दुःख नव्हतं एवढंच" हे तुम्ही कुठलाही टीकाग्रंथ समोर न ठेवता, नुसत्या प्रामाणिकपणानं लिहिलंत. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी वारंवार ज्या "नेति नेति"पाशी, "हे नाही, हे नाही"पाशी येतात, तोही याच जातीचा शोध. खोटं ठरलेलं एकेक नाव बाजूला काढत जायचं. मात्र एक ध्यानात घ्या. खोडायला आधी लिहावं लागतं. "प्रकाश" हा शब्द तुम्ही कागदावर उतरवला नसता, तर तो चुकीचा आहे हे तुम्हाला कधी कळलंच नसतं. मंडळातल्या त्या गृहस्थांसारखं तुम्हीही आयुष्यभर ज्योत शोधत राहिला असता.

तुम्हाला संगमावर झालं ते नेमकं काय, हे मी ठरवणार नाही. पत्रावरून ते ठरवता येत नाही, आणि कोणी ठरवून देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण शब्द का पोचत नाहीत हा तुमचा प्रश्न जुना आहे आणि त्यावर आपल्याकडे फार बारकाईनं विचार झालेला आहे. तो डोळ्यांखालून घातलात, तर गप्प राहायचं की बोलायचं याचा गुंता पुष्कळ सुटेल.

शब्द अपुरे पडतात ही तशी रोजची तक्रार. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी ज्यानं कधी खाल्ली नाही, त्याला ती चव कितीही सांगितली तरी पोचत नाही. पण तिथं शब्दावाचून फारसं अडतही नाही. "भरीत" म्हटलं की काय आणायचं ते कळतं, पाहुण्याला पाटावर बसवून वाढता येतं, आणि त्यानं पहिला घास घेतला की तो आणि आपण एकाच वस्तूविषयी बोलू लागतो. मुक्यानं गूळ खाल्ल्याचा दाखला कीर्तनात नेहमी देतात, तो इथपर्यंतच पुरतो. त्यात गूळ वेगळा आणि खाणारा वेगळा राहतोच. परतत्त्वाची अडचण याहून खोलवरची आहे.

शंकराचार्यांनी ती गीताभाष्यात मांडली आहे. तेराव्या अध्यायात ब्रह्माविषयी "न सत्तन्नासदुच्यते" असं येतं, म्हणजे त्याला आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. त्यावर आचार्य विचारतात, की शब्द वस्तूला पोचतो तरी कसा? त्यांनी चार वाटा दाखवल्या. गाय, घोडा हे शब्द जातीवरून पोचतात. शिजवतो, वाचतो हे क्रियेवरून. पांढरा, काळा हे गुणावरून. आणि धनवान, गाई बाळगणारा हे संबंधावरून. तुमच्या-माझ्या भाषेतला कुठलाही शब्द घ्या, तो या चारांपैकी एखाद्या वाटेनं वस्तूपाशी जातो. आता जे एकच आहे त्याला जात कुठली? ज्यात काही घडत नाही त्याची क्रिया कुठली? ज्याला गुण नाही आणि ज्याच्यावाचून दुसरं काही नाही, त्याचा संबंध कोणाशी लावणार? चारही वाटा बंद. यात गूढ काही नाही, हा सरळ हिशेब आहे, आणि शाळेतल्या मुलालाही समजावता येईल असा आहे. म्हणूनच मला तो फार आवडतो. शब्द कुठे थांबतो आणि का थांबतो, हे शब्दांतच सांगता येतं.

तुमच्या शेवटच्या ओळीला, "मग कोण बसलं होतं?" या प्रश्नाला, आचार्यांपेक्षा जवळचा माणूस उत्तर देतो. आणि ते उत्तर तुम्ही ज्या गावी बसला होतात त्या गावाच्या नावानंच लिहिलेलं आहे. चांगदेव पासष्टीत ज्ञानदेव म्हणतात, पाण्याचा ठाव घ्यायला मीठ आत शिरलं, तर ते मीठच उरलं नाही, मग पाण्याचं माप घेणार कोण? तुमचं वर्णन अडलं ते शब्दसंपत्ती कमी पडली म्हणून नव्हे. बाहेर येऊन "मी असं असं पाहिलं" म्हणायला लागतो तो पाहणारा तिथं वेगळा नव्हता, म्हणून ते अडलं. हे एकदा नीट उमगलं की मंडळात सांगताना शब्द खोटा का वाटला तेही कळतं. वाक्य रचताना कर्ता घालावा लागतो. तुम्ही "मला" म्हणालात, आणि त्या एका शब्दाबरोबर जे तिथं नव्हतं ते आत आलं.

आता पासष्टी लिहिली गेली ती कशी, तेही पाहू. ही कथा तुमच्या तालुक्यात पोराटोरांना पाठ असते, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच दडलेलं आहे, म्हणून पुन्हा सांगते. चांगदेव मोठे योगी, चौदाशे वर्षं जगलेले असं सांगतात. ज्ञानदेवांची कीर्ती कानावर आली आणि त्यांना पत्र लिहायला बसले. मायन्यापाशीच गाडी अडली. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानानं मोठे; तीर्थरूप लिहावं, तर वयानं पोर. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं तप करून हा कोरा तो कोराच राहिला.

या गोष्टीचा आपल्याकडे नेहमी एकच अर्थ सांगितला जातो, की चांगदेवांचा अहंकार उतरला. तो आहेच. पण मला त्यात मौनाची पारख दिसते. कोरा कागद हेसुद्धा मौनच की! तुमच्या त्या महाराजांच्या हाती तो पडला असता, तर ते म्हणाले असते, वा, शब्दातीत! मुक्ताबाईंना मात्र एका नजरेत कळलं, की या कोरेपणात शब्दांच्या पलीकडचं काही नाही. मान कोणाचा मोठा या पेचात सापडून एक माणूस शब्दांच्या अलीकडेच थांबलेला आहे. शब्दांच्या अलीकडचं गप्प बसणं आणि पलीकडचं गप्प बसणं, दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात. आणि कोऱ्या कागदाला कोरा कागद, असं त्यांनी उत्तर पाठवलं का? निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं आणि 65 ओव्या लिहिल्या गेल्या. जिथं पाहणारा आणि पाहिलेलं असे दोन उरत नाहीत, तिथली गोष्ट ज्ञानदेवांनी चांगदेवांना नावानं हाक मारून, दृष्टांत देऊन, लाडानं समजावली. शेवटाकडे ते म्हणतात, ज्ञानदेव आणि चक्रपाणी (म्हणजे चांगदेव) हे दोन डोळस आरसे, एकमेकांत पाहता पाहता भेदाला मुकले. शब्द पुरत नाहीत हे ज्ञानदेवांइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी लिहिलं. समोर एक माणूस खोळंबला होता ना.

हेच त्यांनी आधी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला केलं होतं. "हें शब्देंवीण संवादिजे, इंद्रियां नेणतां भोगिजे" ही ओवी तुम्ही व्यासपीठावरून किती वेळा म्हटली असेल! ती पहिल्याच अध्यायात येते. शब्दावाचून संवाद करा असं सुरुवातीलाच सांगून पुढे नऊ हजारांवर ओव्या सांगणाऱ्या माणसाला यात विसंगती वाटली नाही. तुम्हालाही वाटू नये.

अमृतानुभवातलं शब्दखंडनाचं प्रकरण तर याच विषयाला वाहिलेलं आहे, आणि त्याची सुरुवात शब्दाच्या स्तुतीनं होते, "बाप उपेगी वस्तु शब्दु." किती उपयोगाची वस्तू हा शब्द! विसरलेलं आठवून देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. नंतर मग त्याची हद्द दाखवली आहे. स्वतःला जे कधी विसरूच शकत नाही, त्याला आठवण ती काय करून देणार? आणि त्याही आधी, तिसऱ्या प्रकरणात, ते चारही वाणींचं ऋण मानतात, परेपासून वैखरीपर्यंत. "ययांचेनि बोभाटें आत्मयाची झोंप लोटे." या वाणींनी बोभाटा केला म्हणून झोप उडाली. पुढे तेही जागेपण झोपेतच मोडतं असं ते म्हणतात, ते खरंच. पण हाक मारणारीचे उपकार ते विसरत नाहीत. तुम्ही संगमावर बसलात ते कोऱ्या पाटीनं नव्हे, भाऊ. इतक्या वर्षांची पारायणं, हरिपाठ, काकडे पाठीशी घेऊन तुम्ही तिथं बसला होतात. त्यातलं किती आत झिरपलं होतं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ज्या शब्दांनी तिथवर आणून सोडलं, त्यांना आता फुकाचे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

महाराजांविषयी स्पष्ट लिहिते. अनुभव शब्दातीत असतो हे वाक्य खरं आहे, पण त्यांनी ते ज्या कामाला लावलं ते काम चुकीचं आहे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात आचार्यांनी बाध्व आणि बाष्कलीची गोष्ट दिली आहे. बाष्कलीनं विचारलं, ब्रह्म काय ते सांगा. बाध्व गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, तरी गप्प. शेवटी बाध्व म्हणाले, मी सांगतोच आहे, तुलाच कळत नाही. हा आत्मा उपशांत आहे. नीट बघा, मौन हेच उत्तर आहे हे सांगायला बाध्वांनाही तोंड उघडावं लागलं. आणि "विचारणं हा तुझा अहंकार" असं ते बाष्कलीला कुठेच म्हणाले नाहीत. उपनिषदं सगळी प्रश्नांवरच उभी आहेत. नचिकेत्यानं यमाला विचारलं, मैत्रेयीनं नवऱ्याला, याज्ञवल्क्यांना विचारलं, गार्गीनं भर सभेत विचारलं. प्रश्न बंद करून आलेलं मौन आणि सगळे प्रश्न विचारून झाल्यावर आलेलं मौन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातून "गप्प राहा"च्या पाठोपाठ लगेच "माझ्याकडे येत जा" आलं, हे मला अजिबात आवडलेलं नाही. शब्दांची हद्द दाखवणारा माणूस हद्दीच्या अलीकडे, जिथं शब्द चालतात तिथं, अधिक स्वच्छ बोलतो. पैसा, शिस्त, बायकापोरांशी वागणूक, शिष्यांचं स्वातंत्र्य हे सगळं हद्दीच्या अलीकडचं आहे. या गोष्टींबद्दल विचारल्यावरही कोणी "शब्दातीत" म्हणत असेल, तर तिथून उठावं.

आपल्या खानदेशात या बाबतीत चांगली परंपरा आहे. अमळनेरला 1916 साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. वाणी जिथून माघारी फिरते असं सांगणाऱ्या अद्वैतावर तिथं वर्षानुवर्षं वाद झाले, खंडन-मंडन झालं, त्रैमासिक निघालं. बोरीकाठच्या गावात विद्वान एकत्र बसून या एका गोष्टीचा कीस पाडत होते. प्रश्न विचारणं अहंकाराचं असतं, तर त्या मंदिराला पहिल्याच दिवशी कुलूप लावावं लागलं असतं.

वाणी माघारी फिरते हे तैत्तिरीय उपनिषदातलं वाक्य तुम्हाला माहीत असणार, "यतो वाचो निवर्तन्ते अप्राप्य मनसा सह." बहुतेक जण इथंच थांबतात. पुढचा अर्धा भाग असा आहे, की ब्रह्माचा आनंद जाणणारा कशालाही भीत नाही. तुमच्या पत्रात हा शब्द न मागता आला, "कशाचीच भीती उरली नव्हती." आतलं वर्णन उपनिषदानंही केलं नाही, माणसाचं पुढे काय होतं ते सांगितलं. तेव्हा स्वतःला तपासायचंच असेल तर संगमावरच्या त्या संध्याकाळला पुनःपुन्हा उकरू नका. आज काय आहे ते बघा. केळीचे भाव पडले, वादळानं बाग आडवी झाली, तर मन किती हलतं? भाऊबंदकीत पूर्वीइतकं बोचतं का? हे शब्दांत सांगता येतं, आणि वहिनी तर तुमच्यापेक्षा चोख सांगतील.

आता वहिनींकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागली ती त्यांची दोन वाक्यं. इतका वेळ आपण वर्णनाबद्दल बोललो, आणि वर्णन तिथं पोचत नाही हे मान्य आहे. पण भाषा काय वर्णनालाच आहे? माणूस हाक मारतो, विनवतो, समजूत काढतो, जवळ बोलावतो. नाम घेतो तेव्हा आपण विठ्ठलाची व्याख्या कुठे करत असतो? हाकच मारत असतो. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईंनी बाहेर उभं राहून काय म्हटलं? ब्रह्माची लक्षणं सांगितली नाहीत. "विश्व रागें झालें वन्ही, संतें सुखें व्हावें पाणी" म्हणत, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" एवढं मागितलं. आणि ताटी उघडली. त्याच मुक्ताबाई 1297 मध्ये तापीकाठी मेहूणजवळ वीज कडाडली आणि गुप्त झाल्या अशी आपली श्रद्धा आहे. कोथळीहून त्यांची पालखी दर आषाढीला पंढरीची लांबच लांब वाट चालते. तुम्ही त्यांच्या मुलखातले. "मले तरी सांगा" असं म्हणत घरात कोणी उभं असेल, तर त्याला मौनानं उत्तर देऊ नका.

वहिनी तुमच्याकडे परतत्त्वाचं वर्णन मागत नाहीत. माणूस दुरावला का, हे विचारताहेत. याचं उत्तर पूर्ण शब्दांत देता येतं. संध्याकाळची कामं आटोपली की जवळ बसा. सांगा, की संगमावर असं काही झालं, ते मला नीट सांगता येत नाही, त्यात तुझ्यावर रुसण्यासारखं काही नाही, आणि या दिवसांत मी तुला एकटं पाडलं. मग ते वहीचं पान त्यांच्यापुढे ठेवा. खोडाखोडीसकट. त्यांना वाचायची सवय नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, खोडलेले शब्दसुद्धा. त्या काहीतरी विचारतील. "ज्योत दिसली का" असंही विचारतील कदाचित. चिडू नका, "ज्योत म्हणावी असं नव्हतं" म्हणून पुढे चला. माझा अंदाज आहे, की त्यांच्या प्रश्नांनी त्या पानावर आणखी दोन ओळी उमटतील. मैत्रेयीला सांगताना याज्ञवल्क्यांनाही थांबावं लागलं होतं. तुमच्या बोलण्यानं मी गोंधळले, असं ती त्यांना स्पष्टच म्हणाली, आणि तिच्यासाठी त्यांनी पुन्हा उलगडून सांगितलं.

भजनी मंडळात मात्र तो अनुभव पुन्हा सांगायला जाऊ नका. त्यात लपवाछपवी नाही. चार जणांत सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पारावर पोचते, तिसऱ्या दिवशी तिला प्रभावळ लागते आणि पाचव्या दिवशी तुमच्या पाया पडायला माणसं येतात. ते तुम्हालाच जड जाईल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. रात्री झोप लागते का? जेवण पूर्वीसारखं जातं का? बागेत पाणी भरायला, घड मोजायला जावंसं वाटतं का? मन निवलेलं असेल तर माणूस कामात उलट हलका होतो. पण कशातच रस उरला नसेल, पहाटे दचकून जाग येत असेल, जीव नकोसा होत असेल, तर आधी मनाच्या डॉक्टरांना दाखवा. जळगावला तशी सोय आहे. तिथं जाण्यानं संगमावरच्या संध्याकाळची किंमत कमी होत नाही. ही दोन गप्प राहणीही बाहेरून एकसारखीच दिसतात, आणि ओळखायला जाणत्याची मदत लागते.

वाचनाचं म्हणाल तर काही महिने अमृतानुभवाला हात घालू नका, तो मागाहून. चांगदेव पासष्टी घ्या. अवघ्या 65 ओव्या, एका बैठकीत होतात. दोघांनी मिळून वाचा, रोज चार-पाच ओव्या, आणि अर्थ तुम्ही सांगण्याआधी वहिनींना सांगू द्या. चांगदेवांच्या देवळात महाशिवरात्रीच्या जत्रेला गर्दी फार असते. पुढच्या खेपेला साध्या दिवशी दोघं मिळून जा.

राहिलं व्यासपीठ. तिथं तुमचं काम ओवी शुद्ध म्हणण्याचं आणि मंडळीला सोबत नेण्याचं. पूर्वी जसा अर्थ सांगत होतात, तसा आता कदाचित सांगता येणार नाही, आवाज खाली येईल, मध्येच थांबाल. थांबा की. कोणी विचारलं तर जिथवर सांगता येतं तिथवर अगदी फोड करून सांगा, आणि पुढचं मला बोलता येत नाही असंही तिथंच, माळ गळ्यात असताना, म्हणा. मंडळाला नकार दिला आहे, तो मागे घेतला म्हणून कोणी हसणार नाही. त्यांनी दुसरा माणूस ठरवायच्या आत निरोप पाठवा.